काच, माती, रंग आणि फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून देण्याची गरज नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला अखेर. एवढे शाळकरी मुलांनाही पाठ असते. या तारखांच्या मधल्या आयुष्याची गोष्ट मात्र कधीच ठरून गेली आहे. चाळिशीपर्यंत या गृहस्थाने दहा धंदे केले, एकातही त्याचा जम बसला नाही. मग गिरगावातल्या एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्याच्या पाहण्यात आला, त्याला ध्यास लागला आणि भारतीय चित्रपट जन्माला आला. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण तिच्यामुळे फाळक्यांवर अन्याय होतो असे मला वाटते. तिच्या हिशेबात आधीची पंचवीस वर्षे वाया जातात आणि शेवटी साक्षात्कार तेवढा शिल्लक राहतो. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. फाळके जन्मभर काच, माती आणि रंग या तीन द्रव्यांचे कारागीर होते. चित्रपट त्यांच्याकडे आला तो याच कामाचा पुढचा टप्पा म्हणून. ती पंचवीस वर्षे काढून टाकली तर १९१३ साल समजतच नाही.

आधी क्रम पाहू. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब त्र्यंबकहून मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि रेखाटनाचा अभ्यासक्रम पुरा करून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले. कला आणि उद्योग एका छपराखाली शिकवायचे, ही त्या संस्थेची दृष्टी. फाळके तिथे तैलरंग आणि जलरंग शिकले, वास्तुकला शिकले, मातीकाम म्हणजे मॉडेलिंग शिकले. छायाचित्रे काढणे, ती धुणे, छापणे हेही तिथेच हाती आले. आदर्श नाट्यगृहाची त्यांनी केलेली प्रतिकृती १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात सुवर्णपदकाला पात्र ठरली. गज्जरांनी त्यांना रतलामला धाडले ते तिरंगी ठसे, फोटोलिथो आणि सिरॅमिक शिकायला. पुढे गोध्र्याला फोटोचा धंदा, तिथे प्लेगने केलेला घाला, बडोद्यात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणे, एका जर्मन जादूगाराकडून शिकलेली हातचलाखी, १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशानवीस म्हणून नोकरी, १९०६ च्या सुमारास ती सोडून लोणावळ्याला छापखाना, मग दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीची वारी.

ही यादी वाचून कोणी धरसोड म्हणेल. पैशाच्या बाजूने पाहिले तर ती धरसोड होतीच. भागीदारांशी खटके उडाले, छापखाना सुटला, संसाराची ओढाताण झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हाताच्या बाजूने पाहिले की वेगळेच चित्र दिसते. यातला प्रत्येक धंदा एकाच प्रश्नाशी झटतो आहे. डोळ्यांना दिसणारी वस्तू दुसऱ्या पृष्ठभागावर कशी उतरवायची आणि तिच्या हजारो प्रती कशा काढायच्या? चित्रकाराने तो रंगांनी सोडवला, छायाचित्रकाराने काचेवर, शिळाछाप करणाऱ्याने दगडावर, ठसे करणाऱ्याने धातूच्या पत्र्यावर. धंदे बदलले तरी फाळक्यांचा प्रश्न तोच राहिला.

काचेपासून सुरुवात करतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. सेल्युलॉइडची लवचीक फिल्म रुळण्याआधी छायाचित्र म्हणजे काच असे. रसायनाचा थर दिलेली काचेची पट्टी कॅमेऱ्यात घालायची, उजेड दाखवायचा, काळोखात धुवायची, वाळवायची आणि जिवापाड जपायची, कारण पडली की चित्र कायमचे गेले. ठशांच्या कामात तर काचेशी याहून जवळचा संबंध. हाफटोनचा ठसा करताना मूळ चित्र आणि छायाचित्राची पट्टी यांच्यामध्ये एक पडदा धरतात. हा पडदाही काचेचाच. दोन काचांवर बारीक समांतर रेघा कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा आणि रेघा एकमेकींना काटकोनात छेदतील अशा बेताने दोन्ही काचा चिकटवायच्या. या जाळीतून गेलेला उजेड पलीकडे ठिपक्यांच्या रूपाने उतरतो. जिथे उजेड जास्त तिथे छापताना ठिपका बारीक, जिथे सावली तिथे जाड. भिंग जवळ नेले तर कागदावर ठिपक्यांचे रान दिसते, हातभर अंतरावरून पाहिले तर देवीचा चेहरा. पडदा पट्टीपासून केसभर जास्त दूर धरला गेला तरी ठसा बिघडतो. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या माणसाला एक गोष्ट हाडीमाशी कळलेली असते: डोळा तुकड्यांना जोडतो. चित्रपटाचे तत्त्व यापेक्षा वेगळे काय आहे? तिथे जागेचे तुकडे होत नाहीत, काळाचे होतात. सेकंदाला सोळाच्या आसपास स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि माणूस चालताना दिसतो. तंबूत बसलेल्या शेकडो प्रेक्षकांना तो चमत्कार वाटला असेल. फाळक्यांना त्यात आपल्या ओळखीची युक्ती दिसली असणार. हे माझे अनुमान आहे, पण पुढच्या दोन वर्षांतली त्यांची कृती त्याच्या बाजूने साक्ष देते.

ती कृती अशी. लंडनला जाण्यासाठी विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले, १९१२ च्या फेब्रुवारीत तिथे पोहोचले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना गाठले, त्यांच्या ओळखीने वॉल्टन इथल्या सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले आणि एप्रिलच्या आरंभी परत मुंबईत. जेमतेम दोन आठवड्यांचा मुक्काम. एवढ्या वेळात कोरा माणूस कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला शिकेल. फिल्म धुणे, तिच्या प्रती काढणे, उजेडाचा अंदाज, रसायनांचे प्रमाण हे सगळे दोन आठवड्यांत अंगी मुरत नाही. ते आधीच मुरलेले होते म्हणून दोन आठवडे पुरले.

परत आल्यावरचा त्यांचा पहिला प्रयोग तर या लेखाचा सगळा मुद्दा एका जागी आणतो. भांडवल द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा खिळवून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक फ्रेम टिपली. सगळ्या फ्रेम सलग दाखवल्या तेव्हा मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल झाला, आणि हे सगळे मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचे नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींसारख्या व्यवहारी माणसाने कर्ज दिले. या फितीत नट नाही, कथा नाही, देव नाही. कुंडीभर माती आहे, भिंग आहे आणि ठसेवाल्याचा संयम आहे.

मातीचा धागा तसा बारीक, पण तो तुटत नाही. कलाभवनातले मॉडेलिंग, रतलामचे सिरॅमिक, प्रदर्शनातली नाट्यगृहाची प्रतिकृती यांतून त्यांना घनरूपाची जाण मिळाली. सपाट पडद्यावर खोली भासवायची तर वस्तूभोवती उजेड कसा वळतो हे बोटांना ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान कागदापेक्षा मातीतून लवकर येते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा बराच भाग आज पाहायला मिळतो. त्यातला अजस्र सर्प घडवलेला आहे, वळसे घालणारा, अंगाखांद्याने भरलेला. कृष्ण झालेली फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी त्याच्याशी झुंजते तेव्हा तिच्या देहाचे प्रमाण आणि सर्पाच्या देहाचे प्रमाण यांचा मेळ इतका नेमका बसतो की तो केवळ पडदे रंगवणाऱ्याच्या हातून साधला नसता. ‘विचित्र शिल्प’ आणि ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या फितीही याच वळणाच्या, निर्जीव वस्तू एकेका फ्रेमने हलवून त्यांना जिवंत करणाऱ्या. आणि त्यांच्या लघुपटांच्या यादीत तळेगावच्या काच कारखान्याचे नाव आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडातून, लोकांच्या पैशापैशातून, १९०८ मध्ये उभा केलेला हा कारखाना. भट्टीतली काच फुंकून आकाराला आणणाऱ्या स्वदेशी कामगारांसमोर फाळक्यांनी कॅमेरा मांडावा, हा मला योगायोग वाटत नाही. कारागिराला कारागिराचे काम पाहावेसे वाटते.

रंगांची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे, कारण त्यांनी ज्या कलेत नाव कमावले तिला रंगच नव्हता. त्या काळच्या कच्च्या फिल्मला लाल दिसत नसे. कुंकू काळे उमटे, लाल शालूचा काळा डाग होई, निळे आकाश पांढरे फटक पडे. नाटकाचा पडदा रंगवणारा कुशल चित्रकार अशा फिल्मपुढे हतबल ठरला असता, कारण रंगमंचावर उठून दिसणारे तांबडे-निळे इथे गोत्यात आणत. फाळके मात्र तिरंगी ठशांच्या कामातून आले होते. एकाच चित्राची तीन गाळण्यांतून तीन छायाचित्रे काढायची, प्रत्येकात एकेक रंग वेगळा करायचा आणि पिवळी, तांबडी, निळी शाई एकावर एक छापून मूळ चित्र पुन्हा जुळवायचे, हे ते काम. कोणता रंग पट्टीला दिसतो आणि कोणता दिसत नाही, याचा हिशेब त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. म्हणून पडद्यावर करडा किती गडद उतरेल हे ओळखून मूळ रंग निवडणे त्यांना जमले. लोणावळ्याला असताना त्यांनी रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचे काम केले, तिथल्या देवदेवतांच्या चित्रांचे रेखाटन आणि अंगलट त्यांच्या डोळ्यांत भरून राहिली. ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरुवातच रविवर्म्यांच्या हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास या चित्रासारखी मांडणी करून होते. घराघरात भिंतीवर लागलेले चित्र इथे हलू लागले, आणि ज्याने ते हलवले त्याने आधी तसली चित्रे छापून महाराष्ट्रभर पाठवण्याला हात लावलेला होता.

नाशिक या सगळ्यात कुठे येते? ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या बंगल्यात आणि वांगणीच्या आसपास झाला, पण त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ इथले. १ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे आणि इतर भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली तीही इथे. गाव जन्मगावाजवळ म्हणून आले असे म्हणता येईल, पण कारागिराने जागा निवडली ती कामाच्या सोयीने. विजेचे दिवे नसताना चित्रण सूर्यप्रकाशात होई, आणि नाशिकला उघडा माळ, गोदेचे घाट, काळ्या पाषाणाची देवळे, जुने वाडे, त्र्यंबकचे डोंगर हे सगळे एका दिवसाच्या अंतरात. पंचवटी तर रामकथेचीच भूमी. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंखे यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हनुमान आकाशात उडत लहान लहान होत गेला आणि उभारलेली लंका खरोखर जाळली गेली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज फाळक्यांचे स्मारक आहे. नाशिककरांनी त्यांच्याकडे केवळ चित्रपटाचे जनक म्हणून पाहू नये, गावात कारखाना काढून शेकडो हातांना नव्या कामाचे वळण लावणारा उद्योजक म्हणूनही पाहावे, असे मला मनापासून वाटते.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की कॅमेरा इंग्लंडचा, फिल्म कोडॅकची, विद्या हेपवर्थची. मग हातांच्या कौशल्याचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. फाळक्यांच्या आधीही या देशात कॅमेरे आले होते. सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्ती चित्रित केली. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी त्याच कॉरोनेशनमध्ये लागला, आणि तोरण्यांचे हे पुढारपण पुसून टाकण्याचे कारण नाही. पण फरक कशात आहे ते पाहावे. ‘पुंडलिक’ हे मंचावर उभ्या राहिलेल्या नाटकाचे चित्रण, ते करणारा इंग्रज, आणि फिल्म धुण्यासाठी गेली लंडनला. फाळक्यांची फिल्म त्यांच्या घरात धुतली गेली. देखावे, वेशभूषा, चित्रण, धुलाई, प्रती, जोडणी आणि जाहिरात अशी साखळी त्यांनी एका छपराखाली आणली, अगदी कलाभवनाच्या वळणावर. यंत्र सगळ्यांनाच विकत मिळत होते. ही साखळी विकत मिळत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक गेले ते राम-कृष्ण पाहायला, त्यांना कारागिरीशी काय देणेघेणे? पुराणकथा नसती तर फाळके चालले नसते, हे मला मान्य आहे. परंतु पुराणातला चमत्कार कीर्तनात सांगणे निराळे आणि उजेडात दाखवणे निराळे. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’चा जो तुकडा उरला आहे त्यात भयभीत कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा जागी येते. असे दृश्य करायचे तर भिंगाचा काही भाग काळ्याने झाकायचा, तेवढे चित्रण करायचे, काळोखात फिल्म मागे गुंडाळायची, आता उरलेला भाग उघडा ठेवून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचे. हाताने दांडा फिरवताना फेऱ्यांची मोजणी चुकली की मस्तक धडावर बसत नाही, आणि मग प्रेक्षक हात जोडायच्या ऐवजी हसतो. भाव होता म्हणून लोक आले, हे खरे. तो भाव पडद्यासमोर टिकला तो या मोजणीमुळे. शिवाय वाटाण्याच्या वेलात किंवा आगकाड्यांत कोणता देव होता?

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. हात एवढे कुशल होते तर बोलपट येताच फाळके मागे का पडले? १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला, हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. संवाद, गाणे, अभिनयाचा वेग यांची मागणी वेगळी होती आणि दृश्याच्या कारागिराचे त्यात फार चालले नाही. सगळे आपल्याच नजरेखाली व्हावे हा त्यांचा स्वभावही आड आला. भागीदारांशी मतभेद होऊन ते मध्ये काशीला निघून गेले ते याच स्वभावामुळे. एवढे मान्य करूनही एक गोष्ट राहते. कारागिरीची ही परंपरा बोलपटाने संपवली नाही, ती कोल्हापूरच्या वाटेने पुढे गेली. बाबूराव पेंटर चित्रकार आणि शिल्पकार, नाटकांचे पडदे रंगवणारे, आणि कॅमेरा त्यांनी स्वतः जुळवून केला. त्यांच्याकडे तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हेही हाताचेच कलावंत, आणि या दोघांनी १९३६ मध्ये प्रभातसाठी ‘संत तुकाराम’ केला, बोलपटच. तेव्हा मराठी चित्रपटाची मुळे पडदे रंगवणाऱ्यांच्या आणि मूर्ती घडवणाऱ्यांच्या ओट्यावर आहेत हे म्हणणे फाळक्यांच्या एकट्याच्या आयुष्यावर उभे नाही.

एकट्याच्या म्हटले, तर इथे सरस्वतीबाईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कच्च्या फिल्मला भोके पाडायची तर ती मिट्ट काळोखात, हाताच्या अंदाजाने. हे काम त्यांनी केले. रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड वळवला, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि पैसे कमी पडले तेव्हा दागिने दिले. पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळाली नाही, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच चित्रपटाची फिल्म एका स्त्रीच्या बोटांखालून गेलेली होती, हे त्याच्याइतक्याच ठसठशीतपणे नोंदले पाहिजे.

पुराव्याबद्दल शेवटी थोडे. नायट्रेटची फिल्म कुजते आणि पेटते. फाळक्यांच्या कामाचा फार मोठा भाग असा नष्ट झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिले आणि शेवटचे अशी दोन रिळे आहेत, पण ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्या रिळांतल्या देखाव्यांवरून १९१३ च्या फाळक्यांविषयी निष्कर्ष काढताना सावध राहिले पाहिजे, कारण मधल्या चार वर्षांत त्यांचा हात नाशिकच्या उजेडाला सरावला होता. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या त्यांच्याच लघुपटाचा उरलेला तुकडा या बाबतीत अधिक भरवशाचा आहे. त्यात फाळके नटांना समजावताना आणि फिल्म हाताळताना दिसतात. वाचकाने हा तुकडा आधी पाहावा, मग ‘कालिया मर्दन’ पाहावा, आणि त्यानंतर ‘हरिश्चंद्र’च्या रिळांकडे वळावे असे मी सुचवीन.